पाळीवरची वाट

सकाळचे सात वाजून गेलेत, तरी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या बांध्यांवरचं धुकं अजून उठलेलं नाही. डिसेंबर नुकताच लागलाय. रेल्वेचं फाटक बंद आहे. गोंदियाकडून चांदाफोर्टला जाणारी गाडी येईपर्यंत फाटकापाशी एक बैलबंडी, धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर, शाळेला निघालेल्या चार मुली आणि आम्ही दोघं सायकलवाले उभे आहोत. माझा मित्र याच तालुक्यात शिक्षक आहे. आज आम्हाला डांबरी सडक शक्य तितकी टाळून, मुरमाच्या आणि पांदणीच्या वाटांनी आसोला मेंढा तलाव गाठायचा आहे आणि तिथून पुढे वैनगंगा.

निघण्याआधी चाकांतली हवा थोडी कमी केली आहे. मुरमावर घट्ट फुगवलेलं चाक उड्या मारतं. चाळीस मिलिमीटर रुंदीचा, किंचित मऊ टायर खड्यांवर बसतो आणि त्याला पकड मिळते. अशा सायकलला आता ग्रॅव्हल बाइक म्हणतात. अमेरिकेत कॅन्ससच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ पासून तिची मोठी शर्यत भरते, आणि २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. फाटक उघडतं आणि त्या चार मुली आमच्या पुढे निघून जातात. त्यांच्या सायकली मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या, साध्या, बिनगिअरच्या. डांबर संपून मुरूम लागतो तिथे माझा वेग कमी होतो, त्यांचा होत नाही. कुठला खड्डा कोणत्या बाजूने चुकवायचा, हे त्यांच्या हातांना पाठ आहे.

गावाबाहेर दोन्ही बाजूंनी धानच धान आहे. काही बांध्यांत कापणी झालेली, काही ठिकाणी कडपा पसरलेल्या, आणि उंच जागी पुंजणे रचून ठेवलेले. सिंदेवाहीत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे आणि धान हा इथला मुख्य अभ्यास. त्याच केंद्राशी जोडलेलं एक नाव मित्र चालत्या सायकलीवरून घेतो : दादाजी खोब्रागडे. शेजारच्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. जेमतेम दीड एकर जमीन. १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या आणि त्यातून बारीक दाण्याचा एचएमटी तांदूळ उभा राहिला. विद्यापीठाने १९९८ मध्ये पीकेव्ही एचएमटी हे वाण प्रसारित केलं, तेही याच बियाण्यातून. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. आज महाराष्ट्रभर ताटात पडणारा हा भात अशाच एखाद्या धुऱ्यावर वाकून पाहणाऱ्या माणसाच्या नजरेतून आला. चारचाकीच्या काचेतून धानाचं शेत हा एक पिवळा पट्टा असतो. सायकलवरून लोंबी दिसते.

गुंजेवाहीच्या बाजूला एका टपरीवर चहा घेतो. आमच्या सायकलींभोवती माणसं जमतात. टायर दाबून बघतात, गिअर फिरवून बघतात. आम्ही जुन्या जागा बघत निघालोय म्हटल्यावर एक तरुण विचारतो, "मंग लाडबोरीची रिंग पायली का?" २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळते तुकडे गेले आणि याच तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. पवनपारच्या बाजूला गोळा सापडला. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं तज्ज्ञांनी सांगितलं. कडं उचलून पोलीस ठाण्यात नेलं, त्यामुळे आता लाडबोरीत बघायला काही नाही. तरी गोष्ट कालच घडल्यासारखी चहासोबत निघते, प्रत्येकाला आपण तेव्हा कुठे उभे होतो ते सांगायचं असतं. मग मी इथल्या जुन्या तलावांबद्दल विचारतो. माणसं एकमेकांकडे बघतात. तलाव? तो तर आहेच की, त्याच्यात काय बघायचं?

त्या तलावाकडेच वळायचं आहे, पण वाट जंगलाच्या कडेने जाते. धुऱ्यावर उभे असलेले एक म्हातारे बाबाजी हात वर करून आम्हाला थांबवतात.

"कोठी चालले जी?"

"तलावाकडे, बाबाजी."

"ऊन निगू द्या, मंग जा. काल सांजच्याला वाघ दिसला तिकडं."

आम्ही उतरतो. इथे अशा सूचनेवर वाद घालायचा नसतो. ब्रह्मपुरी वनविभाग आणि ताडोबाचं बफर यांच्यामध्ये वसलेल्या या गावांत वाघ ही रोजची हकिकत आहे. मे २०२५ मध्ये याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. बाहेरून येणाऱ्याला मोकळी वाट मोहात पाडते. पण या वाटेवर कधी निघायचं, कुठून वळायचं, हे इथल्या माणसानेच सांगायचं, आणि ते ऐकायचं. बाबाजींसोबत आम्ही बांधीत बसतो. ते तणस वळून पेंढ्या बांधतात, मित्र त्यांना पेंढ्या उचलून देतो. धुकं विरतं, सूर्य सागाच्या वर येतो. बाबाजी उठतात आणि म्हणतात, "चला, पाळीपर्यंत येतो मी."

पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. तिच्यावरची वाट दोन हात रुंद, मुरूम आणि चिकणमाती दाबून कठीण झालेली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला उतारावर खाली खाली जाणाऱ्या बांध्या. पाण्यात पोयणीची पानं, त्यांवरून पाय टाकत जाणारे कमळपक्षी, पलीकडे अडईंचा थवा. एक ढिवर डोंग्यातून जाळं ओढतोय. आम्ही सायकली हातात धरून चालतो.

पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांचं नाव माजी मालगुजारी तलाव, लोक मामा तलाव म्हणतात. गोंड राजांच्या काळात कोहळी आणि इतर कष्टकरी समाजांनी ते बांधले. चांद्याचा राजा हिरशहा याच्याबद्दल सांगतात, की जो तलाव बांधेल त्याला तलावाखाली भिजणारी जमीन मिळे. दोन टेकाडांमधली योग्य जागा हेरायची, पाण्याचा उतार डोळ्यांनी जोखायचा, मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम आणि जादा पाण्याला सांडवा ठेवायचा. या कामाचे नकाशे उरलेले नाहीत, काम मात्र उरलं आहे. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा महसूल गोळा करणारी जमीनदारी पद्धत, संपली आणि तलाव सरकारकडे गेले. देखभालीची जुनी घडी तेव्हा विस्कटली. गाळ भरत गेला, काठाने बेशरम माजली, अनेक तलावांची खोली कमी झाली.

बाबाजी मध्येच थांबतात आणि पाळीच्या कुशीतलं एक भोक काठीने दाखवतात. खेकड्याचं बीळ. पावसाळ्यात अशाच बिळातून आधी थेंब येतो, मग धार लागते, मग पाळ फुटते. "पाळीवरनं मानूस चालला पायजे," ते म्हणतात, "तवा दिसते." ते वाकून बिळात माती कोंबतात, पायाने दाबतात आणि मागे वळतात.

पुढे काही अंतर आम्ही गोसीखुर्द धरणाच्या कालव्याकाठच्या सेवारस्त्याने जातो. ही आताची माती आहे. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते या धरणाचं भूमिपूजन झालं. त्याचा उजवा कालवा भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून वैनगंगेचं पाणी घेऊन निघतो आणि आसोला मेंढा तलावाशी येऊन मिळतो. रस्ता सरळ, खडी मोकळी. चाक घसरू नये म्हणून वजन मागे ठेवावं लागतं आणि ब्रेक हलक्या हाताने दाबावा लागतो.

दुपारी पाथरीजवळ आसोला मेंढा समोर येतो. ब्रिटिश काळातला हा तलाव डोळ्यांत मावत नाही. इथे एका जागी उभं राहिलं की तीन काळ दिसतात. गोंडकाळापासून गावोगाव रुजलेली पाळीची विद्या, तिच्यावर इंग्रज अभियंत्यांनी चढवलेला मोठा आकार, आणि स्वतंत्र भारताच्या धरणातून आलेलं पाणी. तिन्हींचं काम एकच : पावसाने दगा दिला तरी गर्भातल्या धानाला शेवटचं पाणी मिळालं पाहिजे. आम्ही भाकरी सोडतो. मित्र वही काढून आज पाहिलेल्या पाळींची नावं लिहितो, त्याला ती वर्गात सांगायची आहेत.

व्याहाडच्या पुढे वैनगंगा लागते तेव्हा ऊन तिरपं झालेलं आहे. पात्र रुंद, वाळू उघडी पडलेली, पाणी मधल्या धारांतून दक्षिणेकडे चाललेलं. पलीकडे गडचिरोली. खाली चामोर्शी तालुक्यात मार्कंड्यापाशी हीच नदी उत्तरेकडे वळण घेते, आणि त्या काठावर सुमारे हजार वर्षांपूर्वीची कोरीव देवळं उभी आहेत. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात त्यांची नोंद केली. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. ती देवळं बघायलाच हवीत.

मला मात्र आज एक मागणी नोंदवायची आहे. ताडोबा आणि मार्कंडा पर्यटनाच्या नकाशावर आहेत, तशा या पाळीही याव्यात. प्रत्येक तलावावर एक पाटी हवी : तलावाचं नाव, बांधणाऱ्यांबद्दल गावाची आठवण, त्यावर भिजणारं क्षेत्र. सायकलीने येणाऱ्याने गावात विचारून, ऊन पडल्यावर निघावं, गावातच चहा घ्यावा, गावातच जेवावं. मोठा रस्ता नको, सिमेंट तर नकोच. पाळ मुरमाचीच राहू दे आणि तिच्यावरून शाळकरी मुली, ढिवर, बैलबंड्या आणि सायकली जात राहू देत. वाट वापरात राहिली की पाळीला पडलेलं पहिलं भोक कोणाच्या तरी नजरेस पडतं, आणि ते बुजवायला ओंजळभर माती पुरते.