मुका मार मनालाही लागतो

हंगामात उसाची ट्रॉली उलटली की हातपाय शाबूत आहेत ना, हे आपण आधी विचारतो. प्लॅस्टर निघालं की गडी बरा झाला! पण तोच गडी सहा महिन्यांनी ट्रॅक्टरच्या आवाजाने दचकतो, रात्री ओरडत उठतो. मग वळसंग काय नि दुसरं गाव काय, 'बाहेरचं लागलं' म्हणून विषय मिटतो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. पुढे कित्येकांना छपराखाली झोपायची भीती बसली.

या दुखण्यावर 'ईएमडीआर' नावाचा उपचार आहे. अमेरिकेतील फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ मध्ये तो शोधला. रुग्णाने तो प्रसंग मनात धरायचा आणि तज्ज्ञांच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांवर नजर फिरवायची. मध्येच थांबून "आता काय जाणवतंय?" असे विचारतात, की पुन्हा सुरू. आठवण पुसत नाही, तिची धग उतरते. आम्हालाही आधी हा मंत्रतंत्रच वाटला! पण २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. डोळे हलवल्यानेच गुण येतो का, यावर मात्र तज्ज्ञांत वाद आहे.

घरच्या घरी हा प्रयोग कोणी करू नये. जुनी आठवण उसळली तर आवरायला जाणता माणूस लागतो. सोलापुरात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. नाहीतर सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.