ऊसतोडीच्या घाईत वाढणारी मुलं

मुलांना घाईत वाढवू नका, एखादा क्लास कमी करा, रात्री सगळे मिळून जेवा, हा सल्ला शहरातल्या पालकांना आता पाठ झाला आहे. सल्ला चांगलाच आहे. पण घरातला वेळ आईबापाच्या हातात असतो, असं त्यात धरून चाललेलं असतं. बीड-परळी रस्त्यावरच्या तेलगावात हे गृहीत टिकत नाही. गावाजवळ सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे आणि धारूर-वडवणीकडे बालाघाटाचा कोरडवाहू डोंगरपट्टा. या पट्ट्यातल्या असंख्य घरांचं वेळापत्रक राज्यातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांचा गळीत हंगाम ठरवतो. इथल्या मुलांना निवांत बालपण मिळावं असं वाटत असेल, तर आधी त्या हंगामाकडे बघावं लागेल.

तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचं वजन घटतं आणि साखरही उतरते, म्हणून तो शक्यतो चोवीस तासांत गाळायचा असतो. ही घाई कारखान्याकडून वाहनमालकाकडे, त्याच्याकडून मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडे आणि शेवटी कोयत्यावर येते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरीचा हिशेब जोडीवर होतो आणि हंगामाआधी घेतलेली उचल त्यातून फेडायची असते. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात, मग तो लेकराच्या तापामुळे का असेना. पहाटे अंधारात कोपीतून, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतून निघायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायची. या सगळ्यात तान्हं बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं आणि त्याला झोका देणारी बहीण नऊ-दहा वर्षांची असते. पाणी भरणं, चूल पेटवणं, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधणं हेही तिच्याकडेच येतं. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर परततात. म्हणजे शाळेचं दुसरं सत्र जवळजवळ सगळंच बुडतं.

यावर कोणी म्हणेल, मुलं निदान आईबापाजवळ, मोकळ्या हवेत तरी असतात. जवळ असतात हे खरं, पण दमून आलेल्या आईला मुलाशी बोलायलाही त्राण उरत नाही. दुसरा आक्षेप असा की उचल घेतलीच कशाला? कारण हाताशी दुसरं काम नाही आणि पावसाचा भरवसा नाही. मुलींना वेळेआधी मोठं करणारी ही घाई पुढे लग्नापर्यंत जाते. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापाची भीती खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३ टक्क्यांहून अधिक स्त्रियांचं लग्न १८ वर्षांआधी झालेलं आढळलं. घरोघरी उपदेश करून हा आकडा खाली येणार नाही.

उपाय ठाऊक नाहीत असंही नाही. हंगामी वसतिगृहाच्या योजनेत मूल आजी-आजोबांकडे गावातच राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येतं. वसतिगृहासाठी आईबापापासून मूल तोडणं क्रूर आहे, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. म्हणूनच वसतिगृहापेक्षा मजुरीचा दर जास्त महत्त्वाचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. पण उचलीचं ओझं आणि खाड्याची कापणी तशीच राहिली तर वाढलेल्या पैशातून सुट्टीचा एक दिवसही पदरात पडत नाही. आठवड्याची पगारी सुट्टी, फडाजवळ पाळणाघर आणि खाड्याच्या कापणीला बंदी या तीन गोष्टी तोडणी दराच्या करारात लिहून घेतल्या पाहिजेत. आणि वसतिगृहाला मंजुरी टोळ्या गेल्यावर नव्हे, दसऱ्याआधी मिळाली पाहिजे. तेलगाव परिसरातल्या प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने आणि ग्रामपंचायतीने जाणाऱ्या मुलांची यादी सप्टेंबरातच करावी, आणि ती घेऊन पंचायत समितीत जाऊन बसावं.