जुळ्यांना घेऊन आजोळी निघताना

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. रात्रीचा प्रवास असेल तर एकाच्या नावे पूर्ण भाडं भरून बर्थ घ्यावा. पैसे वसूल होतात. विमानाचा हिशेब वेगळा. दोन वर्षांखालचं एकच बाळ एका मोठ्या माणसाच्या मांडीवर चालतं. शिवाय रांगेत ऑक्सिजनचे जादा मास्क मोजकेच, म्हणून आई एका रांगेत, बाबा दुसरीकडे, असंही होतं.

पोचल्यावर आत्या-मावश्या हौसेने मध चाटवायला येतील. तिथे मात्र भीड नको: वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो. आणि अंगावर पिणाऱ्यांना सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीही नको, अगदी मे महिन्यातसुद्धा.