कृशाला तीळ, स्थूलाला कुळीथ

वजन कमी करणे हा व्यक्तीच्या निग्रहाचा प्रश्न मानला जातो. पण ताटात काय येते हे रेशन, कररचना आणि जाहिरातींचा बाजार ठरवत असेल, तर निग्रहाची अपेक्षा सरकारकडूनही करावी लागेल.

कुंभकोणमहून उत्तरेला अणैकरैच्या बाजूला निघाले की वाटेत तिरुप्पनंदाळ लागते. कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन प्रवाहांमधले, भातशेतीने वेढलेले हे गाव. तमिळमध्ये ताडाला ‘पनै’ म्हणतात. ताडगोळे, ताडाचे कंद, ताडगूळ हे सारे एके काळी येथील आहाराचा भाग होते. दक्षिणेला जवळच आदुतुरै आहे. तेथील भात संशोधन केंद्र १९२२ पासून काम करते आणि ‘एडीटी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या भाताच्या जाती तेथूनच देशभर गेल्या. सघन शेतीच्या ‘पॅकेज’ कार्यक्रमासाठी १९६० मध्ये निवडलेल्या पहिल्या जिल्ह्यांत तंजावूर होता. अन्नटंचाईच्या त्या काळात या प्रदेशाने देशाला भात दिला, हे ऋण मोठे आहे.

त्याच तमिळनाडूत आज प्रश्न उलटा झाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातील ४०.४ टक्के स्त्रिया आणि ३७ टक्के पुरुष अतिवजनाच्या किंवा स्थूलतेच्या गटात मोडतात. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण अनुक्रमे ३०.९ आणि २८.२ टक्के होते. महाराष्ट्रातील आकडे स्त्रियांसाठी २३.४ आणि पुरुषांसाठी २४.७ टक्के आहेत. मात्र यावरून महाराष्ट्राने निश्चिंत होण्याचे कारण नाही. तेथे २०.८ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आहेत. म्हणजे एकाच राज्यात, कित्येकदा एकाच घरात, दोन्ही टोके नांदतात.

काट्यावर न दिसणारी चरबी

वजनाचा काटा भारतीय शरीराबद्दल अर्धेच सत्य सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह तेथूनच वाट काढतो. म्हणूनच भारतीय तज्ज्ञ बीएमआय २३ च्या पुढे अतिवजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपलीकडे गेल्यास तो धोक्याचा इशारा समजतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाने २०२३ मध्ये देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज मांडला. त्याच अभ्यासात पोटाच्या स्थूलतेचे प्रमाण ३९.५ टक्के आढळले. एवढ्या मोठ्या संख्येला ‘कमी खा, जास्त चाला’ असा उपदेश करून भागणार नाही.

रेशनचा हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे २,००० उष्मांकांच्या आदर्श ताटात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि २७ ग्रॅम तेल असावे, असे ती सांगतात.

आता हे ताट रेशनच्या पिशवीशेजारी ठेवून पाहू. माणशी महिना ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला साधारण १६७ ग्रॅम. आदर्श ताटातील धान्याचा दोनतृतीयांश वाटा सरकार देते. तमिळनाडूत हा तांदूळ २०११ पासून मोफत आहे. शिवाय २००७ पासूनच्या विशेष योजनेत शिधापत्रिकेवर तूरडाळ ३० रुपये किलोने आणि पामतेल २५ रुपये लिटरने मिळते. पण चार माणसांच्या घरात एक किलो डाळ म्हणजे माणशी दिवसाला आठ ग्रॅम, गरजेच्या जेमतेम एकदशांश. एक लिटर तेलाचा माणशी वाटा साडेसात ग्रॅमच्या आसपास पडतो. त्यामुळे वाढत्या वजनाचे खापर रेशनच्या तेलावर फोडता येणार नाही. दोष पिशवीत काय आहे याचा नसून काय नाही याचा आहे. धान्याचा मोठा भाग सरकार भरते, डाळ नावापुरती देते आणि भाजीपाला सर्वस्वी बाजारावर सोडते.

केंद्राचा अन्नसुरक्षा कायदा तर डाळीची हमीच देत नाही. भूक मिटवण्याच्या काळात हे धोरण योग्य होते. आज ज्या मजुराच्या घरी डाळ आणि भाजी महाग आहे, तेथे पोट भातानेच भरले जाते. तेही पॉलिश केलेल्या पांढऱ्या भाताने, ज्यातून कोंड्याबरोबर तंतू आणि जीवनसत्त्वेही निघून जातात. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते, असे ‘इंडियाब’ सांगतो.

दरम्यान शेतीतले श्रम बदलले. मळणी आणि कापणी यंत्राने होते, लावणीतही यंत्र शिरले. चिखलात दिवसभर वाकून रोपे लावणाऱ्या बाईला पचणारा भात आणि वर्षातले बरेच दिवस हाताला काम नसलेल्या तिच्या मुलीला पचणारा भात सारखा असू शकत नाही. श्रम घटले, ताट तेच राहिले.

भुकटी, गोळी आणि सुई

ही पोकळी बाजाराने हेरली. चरबी वितळवणारा चहा, जेवणाऐवजी घ्यायची भुकटी, ‘वनस्पतीजन्य’ गोळ्या आता तालुक्याच्या औषध दुकानांत आणि मोबाइलच्या पडद्यावर सर्रास दिसतात. ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा १९५४ चा आहे. ज्या विकारांवर औषधी उपायाची जाहिरात करण्यास तो बंदी घालतो, त्यांच्या यादीत स्थूलतेचे नाव आहे. पण उत्पादनावर ‘अन्नपूरक’ असा शिक्का बसला की ते औषधाच्या नियमांतून निसटते. सिबुट्रामिन या भूक मारणाऱ्या औषधावर हृदयविकाराच्या धोक्यामुळे २०११ मध्ये भारतात बंदी आली. तोवर ते अनेकांनी घेतले होते.

आता नवी इंजेक्शने आली आहेत. टिर्झेपटाइड आणि स्थूलतेसाठीचे सेमाग्लुटाइड ही दोन्ही २०२५ मध्ये भारतीय बाजारात उतरली. ही भोंदू औषधे नव्हेत. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. ज्यांचा स्थूलपणा जिवावर बेतला आहे, त्यांना ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळायलाच हवीत. मात्र औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश वजन परत आले, हेही त्याच संशोधनाने दाखवले. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. स्वस्त पर्यायांची वाट त्यामुळे मोकळी होते आणि त्यांच्या विक्रीवर कोण लक्ष ठेवणार, हा प्रश्न तातडीचा होतो.

सुई नसतानाही काय साधते, याचा पुरावा चेन्नईतच आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचा अभ्यास केला आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आहार सुधारलेल्या आणि नियमित चालणाऱ्या गटात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे त्यांच्या वजनात फारसा फरक पडला नव्हता. लाभ काट्यावर दिसण्याआधीच रक्तात दिसू लागतो, हे प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे सत्य आहे.

सरकारने काय करावे?

तमिळनाडूने काही पावले टाकली आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ योजनेत आरोग्यसेविका रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घरपोच देतात. नोव्हेंबर २०२३ पासून प्रत्येक जिल्ह्यात आठ किलोमीटरचा चालण्याचा मार्ग आखला गेला. शाळेच्या दुपारच्या जेवणात अंडे मिळते, २०२२ पासून सकाळचा नाश्ताही सुरू झाला. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेत आठवड्याला एक अंडे देण्यास सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. हा उलटा प्रवास समजण्यापलीकडचा आहे.

पण जिल्ह्याला एक चालण्याचा मार्ग तिरुप्पनंदाळच्या बाईच्या काय कामाचा? तिला घराजवळ दिवे असलेला सुरक्षित रस्ता हवा. आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढा वेळ आणि तेवढी जागा मिळवून देणे हे स्थानिक कारभाराचे काम आहे.

केंद्राची भूमिका याहून विसंगत आहे. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तेलाचा वापर १० टक्क्यांनी घटवण्याचे आवाहन केले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत शीतपेयांवर ४० टक्के कर राहिला, पण पाकीटबंद फरसाण, बिस्किटे आणि चॉकलेट ५ टक्क्यांच्या टप्प्यात आली. पाकिटाच्या दर्शनी भागावर साखर, मीठ, चरबीची सूचना छापण्याच्या नियमांचा मसुदा २०२२ चा आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी मुदत घालून द्यावी लागली.

मागण्या मोठ्या नाहीत. रेशनमध्ये डाळीचा वाटा वाढवा आणि ज्यांना हवे त्यांना तांदळाच्या काही भागाऐवजी भरडधान्य द्या. घरोघरी जाणाऱ्या सेविकेच्या पिशवीत कंबर मोजण्याची टेप ठेवा. पाकिटावर तारे नकोत, स्पष्ट इशारा हवा. १९५४ चा कायदा अन्नपूरकांच्या जाहिरातींनाही लावा.

तमिळमध्ये एक जुनी म्हण आहे: कृशाला तीळ, स्थूलाला कुळीथ. कुळीथ चरबी वितळवतो, असा दावा करण्याचे कारण नाही. पण त्यात प्रथिने आणि तंतू भरपूर असतात, तो कोरडवाहू जमिनीत येतो आणि कोकणातल्या पिठल्याने तो आपल्यालाही परिचित आहे. म्हणीतले शहाणपण मात्र वेगळे आहे: शरीर पाहून अन्न द्यावे. आपली सार्वजनिक वितरण व्यवस्था कृशाला आणि स्थूलाला एकाच मापाने तांदूळ मोजून देते आणि उरलेले काम भुकटी विकणाऱ्यांवर सोपवते. पिशवीत एक मूठ कुळीथ घालणे त्याहून कितीतरी स्वस्त पडेल.