उसण का भरते?

भरलेलं पोतं उचलताना काही होत नाही आणि खाली पडलेलं पेन घ्यायला वाकावं तर कमरेत उसण भरते, हा अनुभव घरोघरी आहे. त्यावरचं ठरलेलं निदान म्हणजे ‘पाठ कमजोर झाली’. पण कमजोरीच कारण असती, तर उसण पोत्याखाली आधी भरायला हवी होती. इथे ताकदीपेक्षा वेळ साधण्याचा प्रश्न मोठा आहे, असं मानायला चांगला आधार आहे. मृतदेहातला, स्नायू काढून टाकलेला कमरेचा कणा उभा धरून त्यावर भार वाढवत नेला, तर जेमतेम 9 किलोच्या आसपास तो कोलमडतो. जिवंतपणी त्याच कण्यावर निम्म्याहून अधिक शरीर असतं. म्हणजे त्याला उभं धरतात ते स्नायू, आणि त्यांना क्षणोक्षणी खबर लागते कुठला मणका कुठे आहे याची. ही खबर देतात स्नायूंच्या आतले ‘मसल स्पिंडल’ नावाचे बारीक ताणमापक. मणक्यांना बिलगून असलेल्या मल्टिफिडस स्नायूवर कंपनयंत्र लावलं की हे स्पिंडल फसतात, स्नायू ताणला गेला अशी खोटी वर्दी देतात, आणि डोळे झाकलेल्या निरोगी माणसाला आपली कंबर मघाच्याच स्थितीत नेमकी परत आणता येत नाही. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात तर वजन उचलणाऱ्यांच्या कण्याचं क्ष-किरण चित्रण चालू असतानाच एकाची पाठ दुखावली. बाकीचे सांधे मर्यादेत होते. एकच तेवढा जास्त वाकला. ताकदीत तो गडी कुठेच कमी नव्हता.

यावर रास्त आक्षेप असा, की दुखण्यामुळेच नियंत्रण बिघडत असेल. आपण कार्याला कारण म्हणतोय. 1996 साली ऑस्ट्रेलियात दिसलं, की हात उचलण्याआधीच निरोगी माणसाच्या पोटाचा खोल स्नायू आवळला जातो आणि पाठदुखी असलेल्यांत त्याला उशीर होतो. पण आधी काय, हे यातून कळत नाही, हे खरंच. ते कळलं येल विद्यापीठाच्या 2005 सालच्या अभ्यासातून. तिथे सुमारे 300 खेळाडूंच्या धडावरचा ओढ अचानक सोडून स्नायूंचा प्रतिसाद मोजला आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांची कंबर नंतर दुखावली, त्यांचे स्नायू आधीपासूनच काही मिलिसेकंद उशिरा सैल पडत होते. अर्थात वेदनाही हा ताळमेळ बिघडवते. कारण दोन्हीकडून आहे.

मग खोल स्नायूंचे खास व्यायाम शिकवले की पाठदुखी गेली? नाही. दीर्घकाळच्या पाठदुखीवरच्या चाचण्यांचा 2016 सालचा आढावा सांगतो, की हे व्यायाम इतर व्यायामांपेक्षा सरस ठरत नाहीत. नियंत्रण हा दुखण्याचा एक धागा आहे, सगळं दुखणं नव्हे. तेव्हा महागड्या ‘कोअर’ वर्गाची फी भरण्याआधी चालणं, पोहणं, सूर्यनमस्कार यांपैकी रोज निभेल ते सुरू करा. मात्र पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.