हॉस्टेलच्या खिडकीतली नर्सरी

आपलं जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे 'महिको' सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. अशा गावात राहून मला साधं मिरचीचं रोप करता येऊ नये? गेल्या वर्षी अगदी हेच झालं!

हॉस्टेलमागे सगळ्यांची मिळून भाजीची बाग करायची आणि मेसमधल्या व सफाईच्या मावशींना दारात लावायला रोपं वाटायची, असं आम्ही ठरवलं. मी मोठ्या तोंडाने शंभर रोपं कबूल केली. पंधराव्या दिवशी निम्मी रोपं आडवी! मावशी रोज विचारायच्या, "पोरी, रोपं कुठवर आली?" आणि मी लेक्चरचं निमित्त करून पळायची.

थंड देशांत रोपं घरात वाढवतात ती गारठ्यामुळे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्या उन्हात कोवळं रोप करपतं. म्हणून मेच्या मध्याला आत पेरायचं आणि चांगला पाऊस झाला की बाहेर लावायचं. हे फक्त मिरची, वांगी, टोमॅटोसाठी. भेंडी, गवार, मुळा यांचं बी थेट जागेवरच टाकावं, मुळं हलवलेली त्यांना सोसत नाहीत.

चहाच्या कागदी कपांना खाली भोक पाडा. कोकोपीट आणि गांडूळखत मिसळून भरा. बी अर्धा सेंटीमीटर खोल पेरा.

आता माझ्या चुका. पहिली, प्रकाश. उजेड कमी पडला की रोप तो शोधत उंच होतं, पण दांडा बारीक राहतो. खिडकीत ऊन नसेल तर कप ट्यूबलाइटखाली चार-पाच इंचांवर ठेवा. लांब ट्यूबच्या जवळ असताना अंतर दुप्पट केलं की प्रकाश साधारण निम्मा होतो. फिजिक्स इथेही सुटत नाही!

दुसरी चूक, पाणी. मी प्रेमाने रोज दोनदा ओतायचे. सतत ओल राहिली की बुरशी दांडा जमिनीलगत कुजवते आणि रोप कोलमडतं. शेवटी मी मावशींना खरं सांगून टाकलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पाणी नको गं, वाफसा पाहिजे." कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द कधी भेटलाच नव्हता! माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, तो वाफसा. मुळांना ओलीइतकीच हवाही लागते. पंखा स्लो ठेवला तर माती वरून सुकते आणि हलून हलून दांडाही मजबूत होतो.

टोमॅटो साधारण २५ दिवसांत, वांगी व मिरची ३५ ते ४० दिवसांत लावणीला येतात. त्याआधी आठवडाभर रोपं रोज थोडी थोडी उन्हात ठेवून सवय लावा. लावणी संध्याकाळी करा. आणि देताना एक जरूर सांगा: बी हायब्रिड असेल तर त्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी धरू नका, तसंच पीक येत नाही.

यंदा शंभरपैकी एकसष्ट रोपं जगली. पहिली चाळीस मावशींच्या घरी गेली, बाग नंतर. तुमच्या खिडकीत जागा असेल तर पुढच्या मे महिन्यात कप घेऊन या. उरलेली एकोणचाळीस माझ्याकडे अजून उधार आहेत!