वहीची दोन बिऱ्हाडे

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने मंचर ओलांडले की घोड नदीच्या काठी आमचे कळंब लागते. शनिवारी कळंब, सोमवारी पुणे, असा माझा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ. दोन बिऱ्हाडे असली की हवी ती वस्तू नेमकी दुसऱ्या घरी असते. छत्रीचे आणि चष्म्याचे दुःख मी मुकाट्याने सोसले. पण टिपणांचे सोसवेना.

तेव्हा एका विद्यार्थ्याने मला खासगी विकीची वाट दाखवली. विकी हा शब्द हवाई बेटांवरचा; त्याचा अर्थ ‘चटकन’. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ साली पहिली विकी उभी केली. पुढे २००४ साली जेरेमी रस्टन या इंग्रजाने टिडलीविकी काढली. तिची मौज अशी, की सारी वही एकाच फाइलीत मावते. ‘ओवी’ या टिपणातून ‘जाते’ या टिपणाकडे आणि तिथून ‘माहेर’कडे बोटाच्या टोकाने जाता येते. पाने चाळणे नाही, चिठ्ठ्या हरवणे नाही.

पण ही वही ठेवायची कुठे? ब्राउझरला आपल्या संगणकात मन मानेल तिथे लिहिण्याची मुभा नसते, आणि ते योग्यच आहे; नाहीतर कोणीही पाहुणा आपल्या माजघरात शिरेल. त्यामुळे दर वेळी ‘जतन करा’ म्हटले की डाउनलोडच्या कप्प्यात एक नवी प्रत पडते. महिन्याभरात वीस प्रती! त्यांतली खरी कोणती? त्यावर तोड म्हणून मी वही इंटरनेटवरच्या साठवणीशी जोडलेल्या फोल्डरात ठेवली. कळंबला लिहिले की पुण्यात उमटावे, पुण्यात लिहिले की कळंबला. मला वाटले, आता चिंता मिटली.

एका उन्हाळ्यात आईने मला जात्यावरच्या ओव्या सांगितल्या. जाते कधीच परसात जाऊन पडले होते, पण ओव्या तिच्या तोंडात होत्या. त्या शनिवारी-रविवारी मी अकरा ओव्या उतरवून घेतल्या. वादळाने नेट गेले होते. वही कळंबच्या संगणकातच राहिली. सोमवारी पुण्यात मी आठवड्यापूर्वीचीच वही उघडली आणि तीत परीक्षेची टिपणे भरली. पुढल्या शनिवारी घरी येऊन पाहतो तो फोल्डरात दोन वह्या! एक नेहमीच्या नावाची, दुसरीच्या नावापुढे ‘विसंगत प्रत’ असे शेपूट. शेपटाच्या वहीची तारीख जुनी दिसली. मी ती केर समजून पुसून टाकली. ती पुसली जाताच पुण्यातूनही पुसली गेली.

दोन महिन्यांनी ओव्या शोधू लागलो, तेव्हा साठवणीच्या कचरापेटीतूनही ती प्रत मुदत संपून निघून गेली होती. दोष ना यंत्राचा, ना वादळाचा, घाई माझी.

आणि गंमत पाहा, हा प्रकार मी वर्गात दर वर्षी शिकवतो! ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात उतरल्या गेल्या आणि त्यांत पाठभेद शिरले. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात पदरची ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. नाथांनी नुसती तारीख पाहून पोथी फेकली नाही. प्रती समोरासमोर ठेवल्या. मी ते केले नाही.

या धड्यातून जे शिकलो ते सांगतो. एक, दोन घरच्या वह्या सारख्या करणे वेगळे आणि राखण करणे वेगळे. सारखे करणारे यंत्र आपली चूकही इमानाने चारी दिशांना पोचवते. म्हणून दर रविवारी मी एक तारखेची प्रत काढतो आणि तिला पुन्हा हात लावत नाही. दोन, एका घरची वही बंद करून, ती वर पोचल्याची खूण पाहिल्यावाचून दुसऱ्या घरची उघडत नाही. तीन, एकाच फाइलीऐवजी प्रत्येक टिपण वेगळ्या फाइलीत ठेवण्याचीही सोय टिडलीविकीत आहे. मग भांडण लागले तर एका पानापुरते लागते, साऱ्या वहीत नाही. चार, तीन प्रती असाव्यात, दोन तऱ्हेच्या साधनांवर, आणि त्यांतली एक परक्या घरी. माझी एक बहिणीकडे असते, तिच्या कपाटात, साड्यांखाली.

आमच्या तालुक्याला ज्या गावाने नाव दिले, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. गाव बुडाले, नाव उरले. कारण ते दप्तरांत, पाट्यांवर आणि हजारो तोंडांत होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. अनेकांच्या घरी असते तेच टिकते.

माझ्या अकरा ओव्यांचे काय झाले? डाउनलोडच्या कप्प्यात मधलीच एक प्रत पडून होती. तिच्यात सात सापडल्या. ज्या कप्प्याला मी अडगळ म्हणत होतो, त्यानेच लाज राखली. उरलेल्या चारांसाठी आईपाशी गेलो.

“आरं, एकदा दिल्या होत्या ना तुला? तूच ठेवायच्या होत्या की नीट,” ती म्हणाली. मग डोळे मिटून बसली. तीन आठवल्या. चौथी काही केल्या येईना. जाता जाता तिने सापडलेल्या सातांतली एक पुन्हा म्हटली, तर शब्द निराळे! मी विचारले, “आई, खरी कोणती गं?” ती म्हणाली, “दोन्ही माझ्याच.”

मी दोन्ही लिहून ठेवल्या आहेत. चौथीसाठी वहीत एक पान कोरे ठेवले आहे. दर शनिवारी कळंबला गेलो की आधी आईजवळ बसतो. वही मागाहून उघडतो.